अक्काचा पक्का

लोकांचा राग म्हणे नाकावर असतो. सोलापूरच्या साखर पेठेतल्या अक्कम्माचा राग तिच्या सुताच्या दुकानाच्या उंबऱ्यावर बसलेला असायचा, आणि गिऱ्हाइकाला त्याला ओलांडूनच आत यावं लागायचं. लडीत बोटं खुपसणाऱ्याला ती आधी "हात धुतलास का?" असं विचारायची, मग तो पेठेतला पंच का असेना. भाव पाडून मागणाऱ्याला ती उत्तरच द्यायची नाही, नुसती पाठ करून फळीवरची धूळ झटकायला लागायची. आणि "बाई दुकानात एकट्याच का?" असं कुणी काळजीनं विचारलंच, तर त्याची दुकानाबाहेर पडताना चप्पलसुद्धा नीट पायात बसायची नाही.

नवरा गुरप्पा गेला तेव्हा धाकटा दीर चनमल्लप्पा म्हणाला होता, "वैनी, दुकान मोडून टाका, बायामाणसाला सुताचा धंदा झेपायचा न्हाय." महिना व्हायच्या आत अक्कम्मानं स्वतः कुलूप काढलं, कपाळाला विभूती लावली आणि गुरप्पाच्या जागेवर मांडी घालून बसली. तिला धंदा झेपतो की नाही हे तिलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. पण दिरानं 'न्हाय' म्हटलं होतं ना, झालं तर मग.

एवढ्या खाष्ट बाईकडे माणसं का येत होती? पेठेत सुताची दुकानं काय कमी होती? गोड बोलणारे होते, चहा पाजणारे होते. तरी पद्मशाली विणकरांच्या बाया अर्धी पेठ ओलांडून अक्कम्माकडेच यायच्या, त्या एका जर्मनच्या वाडग्यासाठी.

दुकानात रंगीत सुताचा नवा गठ्ठा आला, की अक्कम्मा स्टोव्हवर साबणाचं पाणी उकळायची. गठ्ठ्यातल्या मधल्या लडीतून वीतभर सूत कापायची, वाडग्यातल्या पाण्यात बुडवायची आणि एक विडा चावून होईपर्यंत त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. मग ते सूत गुरप्पाच्या जुन्या धोतराच्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून असं पिळायची की मनगटाच्या शिरा वर याव्यात. फडकं उघडायचं, दारात उजेडाला धरायचं. किंचित जरी लाली किंवा निळाई दिसली तरी गठ्ठा परत. फडकं पांढरं राहिलं, तर एकच शब्द, "पक्का."

हा शब्द बाजारात कोण वापरत नाही? व्यापारी लोक श्वासाला दहा वेळा वापरतात. रंग पक्का, माल पक्का, भाव पक्का, आणि माणूस कच्चा. अक्कम्मा मात्र तो शब्द जपून काढायची. बायका दारातूनच विचारायच्या, "अक्का, पक्का का?" आणि तिनं मान न उचलता "पक्का" म्हटलं, की लडी पिशवीत. पुन्हा कुणी बोट लावून बघायचं नाही. त्या सुताची चादर घरात विणली जायची, बाजारात जायची, कुणाच्या तरी घरी दहा वर्षं धुतली जायची, आणि पांढऱ्यावर लाल उतरायचा नाही. एवढाच तिचा मान होता. माणसाला अजून काय लागतं?

दुकानापुढच्या कट्ट्यावर सूत गुंडाळायचे चार राहाट होते. घरात मागानं जागा खाल्लेली, वर अंधार, म्हणून आसपासच्या बाया कांड्या भरायला अक्कम्माच्या कट्ट्यावर यायच्या. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसणारी सुताची नळी. दिवसभर भरत बसलं तरी माग ती तासाभरात खाऊन टाकतो. भांडायचं असलं की त्या तेलुगूत भांडायच्या, चेष्टा करायची असली की मराठीत, आणि अक्कम्मा सगळ्यांना मिळून कानडीत शिव्या द्यायची. "हा कट्टा हाय का चावडी?" असं दिवसातून चारदा व्हायचं. पण एखादी दोन दिवस दिसली नाही, की हीच बया कुणाला तरी तिच्या घरी धाडायची.

त्यात नरसव्वा होती. कमी बोलणारी, काटकुळी, राहाट फिरवताना ओठ मिटून बसणारी. तिच्या नवऱ्याचा, मल्लय्याचा, घरात स्वतःचा खड्डामाग होता. गल्लीतले बाकीचे माग एकेक करून मोडीत निघाले होते आणि माणसं यंत्रमागाच्या कारखान्यात बारा-बारा तास उभी राहत होती. मल्लय्याचा गुडघा लहानपणीच मोडून वाकडा बसला होता. खड्ड्यात पाय सोडून तो दिवसभर विणायचा, उभा मात्र अर्धा तास राहू शकत नव्हता. माग गेला तर मल्लय्याला उभं राहावं लागणार, आणि ते त्याला जमणार नाही, हे त्या घरात न बोलता सगळ्यांना माहीत होतं.

चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात नरसव्वाला एक काम मिळालं. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेत दुकान मांडणाऱ्या एका व्यापाऱ्यानं लाल-पांढऱ्या चौकड्याच्या वीस चादरी सांगितल्या. चादरी मनासारख्या उतरल्या तर वर्षभर काम देईन, म्हणाला. म्हणजे वर्षभर माग चालणार. नरसव्वा त्या दिवशी कट्ट्यावर दोन वाक्यं जास्त बोलली.

त्या साली सूत मिळायची मारामार होती. लाल तर कुठेच नव्हतं. अक्कम्मानं नाइलाजानं दिराला निरोप धाडला. चनमल्लप्पाचा चाटी गल्लीच्या पलीकडे सुताचा मोठा डेपो होता, मागे स्वतःची रंगाची भट्टी. तो स्वतः गठ्ठा घेऊन आला. पांढरं धोतर, पांढरा सदरा, कडक इस्त्री. गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजाच्या मिरवणुकीत पांढरी बाराबंदी घालून मिरवणारा माणूस तो, एरवीही कपड्यावर डाग पडू देत नसे. "शरणार्थी, वैनी" असा लिंगायती नमस्कार करत तो टेकला, कॉफी प्याला, दादाची आठवण काढली, डोळेही पुसले.

अक्कम्मानं सवयीनं फळीवरचा वाडगा खाली घेतला.

चनमल्लप्पा हसला. "वैनी, दिराच्या सुताला पाणी लावणार? दादा आसता तर लावलं आसतं का?"

कट्ट्यावरचे राहाट थांबले होते. सगळ्या बाया बघत होत्या. आणि इथे अक्कम्मानं, जिनं आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही त्या अक्कम्मानं, वाडगा परत फळीवर ठेवला. घरचा माणूस आपण होऊन दारात आला, दादाचं नाव काढलं, चार बायांदेखत त्याचा अपमान कसा करायचा? परक्याच्या सुताला पाणी लावणं हा व्यवहार. घरच्या सुताला पाणी लावणं म्हणजे थोबाडीत मारणं. असल्या नात्यागोत्याच्या शहाणपणानं किती जणींची माती केली असेल, देव जाणे.

तो गेल्यावर नरसव्वा उंबऱ्याशी आली. "अक्का, पक्का का?"

एक क्षण होता. "थांब, बघून सांगते" एवढंच म्हणायचं होतं. पण नुकताच तिनं दिराचा मान राखला होता, आता लगेच पाणी लावलं तर ती खोटी पडली असती. तिनं मान न उचलता म्हटलं, "पक्का."

नरसव्वानं लडी पिशवीत घातल्या.

सतरा दिवसांनी, दुपारी, नरसव्वा पाठीवर गाठोडं घेऊन आली. तिनं ते दुकानात खाली ठेवलं आणि गाठ सोडली. वर एक चादर ओली होती. व्यापाऱ्यानं नमुन्याला एक धुऊन बघितली होती. पांढरे चौकडे सगळे गुलाबी झाले होते, आणि गुलाबी तरी सरळ असावा, तोही डागाडागांनी, जागोजागी ओघळलेला. "बाकीच्या बी अशाच निघतील म्हनला," नरसव्वा म्हणाली. "घेत न्हाय म्हनला. संक्रांतीच्या आत दुसऱ्या दिल्या तर बघू म्हनला."

"मग तू काय म्हनलीस?"

"काय म्हनू?" नरसव्वानं ओली चादर परत घडी घातली. "मल्लय्या उद्या कारखान्यात विचारायला जानार हाय."

ती भांडली नाही. "अक्का, तुमी पक्का म्हनलात" असं एका अक्षरानं म्हणाली नाही. तिनं तोंड सोडलं असतं, छाती बडवली असती, तर अक्कम्माला बरं वाटलं असतं. उलट चार शब्द सुनावून तिनं मोकळं होऊन घेतलं असतं. पण ती बाई गाठोडं तिथेच ठेवून गेली आणि कट्ट्यावर बसून राहाट फिरवायला लागली, आणि बाकीच्या तिघी मान खाली घालून फिरवत राहिल्या. कुणी तेलुगूत भांडेना, कुणी मराठीत हसेना. अक्कम्माच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, आणि तो राग पहिल्यांदा स्वतःवरच होता.

तिनं स्टोव्ह पेटवला. उरलेल्या लाल गठ्ठ्यातून सूत कापलं, बुडवलं, विडा चावायला घेतला नाही. फडक्यात गुंडाळून पिळलं. उघडलं तर फडकं रक्तात बुडवल्यासारखं. इतकं सोपं होतं. पाच मिनिटांचं काम होतं. चनमल्ल्यानं काय केलं होतं हे तिला वासावरून कळलं. सूत रंगवून झालं की उकळत्या साबणपाण्यातून दोनदा खळबळून काढावं लागतं, तेव्हा वरवर बसलेला रंग निघून जातो आणि आतला धरून राहतो. त्या साली कोळसा मिळत नव्हता. चनमल्लप्पानं ते पाणी उकळलंच नव्हतं. आणि तो माल त्यानं कुणाला दिला? बाहेरच्यांना नाही, ते परत आणून तोंडावर फेकतील. जी बघणार नाही तिलाच दिला. मान राखेल म्हणून तिलाच दिला.

"गोड बोलून माझ्या तोंडातून खोटं वदवून घेतलं की रे," ती म्हणाली, तेही मोठ्यानं. कट्ट्यावर ऐकू गेलं.

तिनं बादलीत साबणाचं कढत पाणी ओतलं, त्यात लाल सुताच्या दहा लडी बुडवल्या, पदर खोचला आणि निघाली. "कुणी मागं येऊ नका," म्हणाली. केराबाई आलीच. केराबाई पेठेतली सगळ्यात मोठ्या तोंडाची कांडीवाली. तिला येऊ नको म्हणणं म्हणजे यायचं बोलावणं. साखर पेठेतून भर दुपारी, बादली हिंदकळत, पावलागणिक लाल थेंब सांडत त्या दोघी चालल्या. रस्त्यावरचे लोक बाजूला होत होते. विचारायची छाती एकाचीही झाली नाही.

डेपोत चनमल्लप्पा गादीवर बसला होता. लांबरुंद गादी, वर परीटघडीची पांढरीशुभ्र खोळ, मागे तक्क्या. समोर हुबळीकडचे दोन व्यापारी चहा पीत होते.

"या या, वैनी. बसा की. चहा सांगू?"

अक्कम्मानं बादली खाली ठेवली. राग असा होता की दात एकमेकांवर घासत होते, पण आवाज तिनं खालीच ठेवला. "भावजी, ह्या लाल सुताला शेवटचं साबणपाणी दिलं होतं का?"

"दिलं की. घरचा माल हाय. तुमाला आसलं देईन का?"

"गळ्यातल्या लिंगाला हात लावून सांगा."

चनमल्लप्पाचा हात गळ्याकडे निघाला, अर्ध्यात थांबला आणि चहाच्या कपाकडे वळला. सगळ्यांनी बघितलं. मग तो व्यापाऱ्यांकडे बघून हसला. "पहिल्या पाण्याला लाल थोडा सुटतोच, वैनी. चादर धुवायला सांगितली कुणी? बायामाणसांना ह्यातलं काय कळतंय..."

एवढं बोलला नसता तर कदाचित अक्कम्मा नुसता माल बदलून घेऊन गेली असती. कदाचित. तिनं बादलीत हात घातला, पाच लडी काढल्या आणि त्या पांढऱ्याशुभ्र गादीवर, त्याच्या मांडीपासून वीतभरावर, दोन्ही हातांनी पिळल्या. मग उरलेल्या पाच. लाल पाणी खोळीवर पसरलं, घडीघडीतून धावलं, आणि त्याच्या धोतराच्या काठापर्यंत पोचलं. चनमल्लप्पा उठायला गेला आणि त्याचा हात त्यातच पडला.

"बाई, काय डोकं फिरलंय का?"

"परीक्षा तेवढी राहिली होती," अक्कम्मा म्हणाली. "माझ्या दुकानात करायची ती तुमचा मान ठेवायला केली न्हाय. म्हणून हितं केली."

"चार लोकांत घराण्याची अब्रू घालवताय, वैनी."

"पक्की आसंल तर सुटायची न्हाय की."

केराबाई दारात फस्सकन हसली. हुबळीच्या व्यापाऱ्यांपैकी एकानं कप खाली ठेवला, गादीवरची एक लड उचलली, बोटात चुरगाळली, बोट बघितलं आणि दुसऱ्याला कानडीत म्हणाला, "आपल्याही गठ्ठ्याला पाणी लावून बघू." चनमल्लप्पाचा चेहरा उतरला तो या वाक्यानं. वहिनीच्या रागानं नाही, दादाच्या आठवणीनं नाही, कुणा मल्लय्याचा माग बंद पडेल यानंही नाही. गिऱ्हाईक उठतंय, यानं.

मग आतून चांगल्या लाल सुताचा गठ्ठा आला. म्हणजे चांगला मालही घरात होता, बघा. अक्कम्मानं तिथेच उकळतं पाणी मागवलं. तिथेच, त्याच्या डागाळलेल्या गादीच्या काठावर बसून, एकेका लडीतलं सूत कापून, पिळून, उजेडाला धरून बघितलं. सगळा डेपो काम सोडून बघत उभा होता. अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासात चनमल्लप्पाला गादीवर बसायला जागा नव्हती. माफी त्यानं मागितली नाही. असल्या माणसांना तो शब्द येत नाही. पुढे पेठभर त्यानं सांगितलं की दादा गेल्यापासून वैनीच्या डोक्यावर परिणाम झालाय.

गठ्ठा केराबाईच्या डोक्यावर देऊन अक्कम्मा थेट नरसव्वाच्या घरी गेली. संक्रांतीला बावीस दिवस होते. "मल्लय्याला म्हणावं, कारखान्यात जायचं न्हाय. मागावर बस." मग कुणी न सांगता ती राहाटापाशी बसली. दुकान दुपारनंतर बंद करून ती रोज तिथे येऊन कांड्या भरू लागली. किती तरी वर्षांत तिनं राहाटाला हात लावला नव्हता. बोटं सुजली, सूत तुटलं की स्वतःलाच कानडीत शिव्या द्यायची. नरसव्वानं "अक्का, तुमी नका करू" असं एकदाही म्हटलं नाही. भरलेली कांडी घ्यायची, मल्लय्याला द्यायची. भोगीच्या आदल्या दिवशी विसावी चादर मागावरून उतरली. व्यापाऱ्यानं एक धुऊन बघितली, मग दुसरी धुऊन बघितली, आणि घेतल्या. वर्षाचं कामही दिलं. मल्लय्याचे पाय खड्ड्यातच राहिले.

आता इथे गोष्ट संपायला हवी होती. अक्कम्मालाही तसंच वाटलं होतं. चूक झाली, निस्तरली, चोराच्या गादीला रंग लावला, माग वाचला. अजून काय पाहिजे?

संक्रांत होऊन आठवडा झाला. नरसव्वाला हिरवं सूत हवं होतं, हे अक्कम्माला आदल्या दिवशीच कळलं होतं. दुसऱ्या डेपोतून गठ्ठा आणला होता. सकाळी तिनं त्याला पाणी लावलं, फडकं पांढरं. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा साबण जास्त घालून लावलं. फडकं दुधासारखं. मग नरसव्वा कट्ट्यावरून उठून उंबऱ्याशी आली, तेव्हा अक्कम्मा वही बघत असल्यासारखी मान खाली घालून बसली, आणि तोंडात शब्द तयार ठेवला.

नरसव्वानं विचारलं नाही. ती आत आली, हात धुतला, फळीवरचा जर्मनचा वाडगा स्वतःच्या हातानं खाली घेतला आणि म्हणाली, "अक्का, जरा साबनपानी देता?"

अक्कम्माच्या अंगाची लाही झाली. माझ्या दुकानात, माझा वाडगा, माझ्या नवऱ्याच्या धोतराचं फडकं, आणि ही मला पाणी मागते? वीस दिवस बोटं सुजवली ती कुणासाठी? दिराच्या गादीवर जाऊन सगळ्या सोलापुरात डोकं फिरलेली ठरले ती कुणासाठी? हे सगळं जिभेवर आलं. कट्ट्यावर राहाट थांबले होते. वाडगा फळीवर परत ठेवला त्या दिवशी थांबले होते तसेच. सगळ्या बाया बघत होत्या.

अक्कम्मा उठली आणि तिनं स्टोव्ह पेटवला.

नरसव्वानं सूत कापलं, बुडवलं, थांबली. फडक्यात घालून पिळलं. तिचे हात बारीक, पण पीळ चांगला होता. दारात उजेडाला धरलं. फडकं पांढरं होतं.

"बरं हाय," नरसव्वा म्हणाली. "सहा लडी द्या."

अक्कम्मानं सहा लडी दिल्या.

मग केराबाईनंही तेच केलं, मग बाकीच्यांनी. यात कुणाच्या मनात वाईट नव्हतं. गिऱ्हाईक तुटलं नाही, कट्टा ओस पडला नाही. नरसव्वा तर पुढे सगळ्यात जास्त सूत तिच्याकडूनच न्यायची. गुलाबी डागांची एक चादर अक्कम्मानं कट्ट्यावर अंथरली आणि बाया तिच्यावर बसून कांड्या भरायच्या. नवीन कुणी आलं की म्हणायचं, एवढी चांगली विणलेली चादर अशी कशी बिघडली. अक्कम्मा म्हणायची, "माझ्यामुळं," आणि पुढे विचारायची सोय ठेवायची नाही.

चनमल्लप्पावरचा राग चार-पाच वर्षांत निवला. तो म्हातारा झाला, भट्टी बंद पडली, वाटेत भेटला की दोघं शरणार्थी म्हणायची. एक राग मात्र निवला नाही. सकाळी दुकान उघडलं की अजूनही ती स्टोव्ह पेटवायची, प्रत्येक गठ्ठ्याला पाणी लावायची, फडकं उजेडाला धरायची. पांढरं दिसलं की एकटीच हळू म्हणायची, "पक्का." मग बाया यायच्या, हात धुवायच्या, वाडगा मागायच्या. आणि अक्कम्मा दिवसभर सगळ्यांवर खेकसत राहायची. नव्या गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई स्वभावानंच अशी आहे. कुणी तरी एकदा, चुकून का होईना, दारातून विचारावं म्हणून ती उंबऱ्याकडे तोंड करून बसलेली असायची, हे त्यांना कुठून कळणार?